गाण्याखाली सगळ्यांची नावं छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्वतंत्र, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्या, पॉप गायकांवर पानभर लेख आला, वाचून खरंच बरं वाटलं, कारण या संगीताला एवढी जागा सहसा कोणी देत नाही. पण एक गोष्ट खटकली, आणि ती फक्त तुमच्याच पेपरात होते असं नाही, सगळीकडेच होते. जवळजवळ प्रत्येक गायकाबद्दल "स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो, घरातल्या खोलीत बसून रेकॉर्ड करतो" असं छापलंय, आणि खाली दिलेली गाणी म्युझिक ॲपवर उघडून क्रेडिट्स, म्हणजे गाणं कोणी लिहिलं, कोणी केलं ती नावं, बघितली तर कित्येक गाण्यांपुढे दोन-दोन तीन-तीन नावं सरळ दिसतात. ती माणसं लेखात कुठेच नाहीत.

मी स्वतः अशा गाण्यांचे शब्द लिहिते, त्यामुळे आत काय चालतं ते जरा सांगते. समजा दोघं बसलेत. त्याने लॅपटॉपवर चार कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या चार गटांचा, लूप लावलाय, तो पुन्हा पुन्हा वाजतोय, ती त्यावर काहीबाही गुणगुणतेय, शब्द अजून नाहीतच, नुसतं ना ना रे चाललंय आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे. बराच वेळ काही हाती लागत नाही आणि मग एका वळणावर दोघंही एकदमच म्हणतात, हे ठेव, हेच ठेव. आता ही चाल कोणाची? गुणगुणली तिने, पण त्याने तिसरी कॉर्ड मेजरची मायनर केली नसती तर तिचा आवाज तिकडे वळलाच नसता. पुढे शब्द बसवायला घेतले की कोरसच्या सगळ्यात उंच सुरावर ओळ येते "परत ये ना कधी", आणि त्या उंचीवर शेवटचा ई लांबवताना गळा आवळला जातो, आवाज बारीक होतो. तो म्हणतो ओळ फिरव, शेवटी आ येऊ दे. मग होतं "कधी परत ये ना". शब्द एकही बदललेला नाही, पण आता ती शेवटचा सूर हवा तेवढा ओढू शकते आणि गाणं मोकळं होतं. कागदावर त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही, तरी त्या ओळीत त्याचा हात आहे की नाही सांगा. गाण्यात अशा पन्नास गोष्टी होतात आणि बाहेर येताना कव्हरवर फोटो एकाचा असतो.

लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, नसलं म्हणजे माणसं नसतात असं थोडीच आहे, उलट लेबल नसतं तेव्हा माणसंच जास्त लागतात. अमेरिकन गायिका बिली आयलिशचं 2019 चं अल्बम घरातल्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झालं ही गोष्ट सगळ्यांनी रंगवून सांगितली, पण ती बेडरूम तिच्या भावाची, फिनिअसची, गाणी दोघांनी मिळून लिहिलेली आणि प्रोड्युसर तो. 2020 च्या ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्कारांत, तिच्यासोबत त्यालाही पुरस्कार मिळाले आणि साँग ऑफ द इयर तर असतोच मुळी गाणं लिहिणाऱ्यांसाठी, तो दोघांना मिळाला. त्याच्याही आधी, 2003 मध्ये द पोस्टल सर्व्हिस नावाच्या जोडीचं अल्बम आलं. जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसमधून म्युझिकचे ट्रॅक पोस्टाने पाठवायचा आणि बेन गिबर्ड सिएटलमध्ये त्यात काटछाट करून चाल आणि शब्द घालून परत पाठवायचा, म्हणून तर ते नाव. आज फाइल एका क्लिकवर जाते, बाकी काम तेच आहे, समोरच्याचं ऐकायचं, त्यातलं काही उडवायची हिंमत करायची आणि आपलं उडवलेलं सहन करायचं. हे तिसरं सगळ्यात अवघड, माझ्या मते चांगला को-रायटर ओळखायचा तो इथेच.

आता कोणी म्हणेल, नावं छापली नाहीत तर बिघडलं काय? बिघडतं, कारण नावामागे पैसा चालतो. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक चाल आणि शब्दांचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. दोन्हींना ओळख पटवणारे आंतरराष्ट्रीय नंबर असतात, रेकॉर्डिंगला आयएसआरसी, मूळ रचनेला आयएसडब्ल्यूसी, उद्या दुसऱ्या कोणी तेच गाणं गायलं तर रेकॉर्डिंगचा नंबर नवा येतो, रचनेचा तोच राहतो आणि रचनेची रॉयल्टी लिहिणाऱ्यांकडेच जाते. पण हे कधी, तर गाणं अपलोड करताना आणि रॉयल्टी सोसायटीत, म्हणजे लिहिणाऱ्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेत, नोंदवताना लिहिणाऱ्यांची नावं आणि टक्के भरले असतील तरच. ही माहिती रात्री दोन वाजता कोण भरतं, तर ज्याच्या नावाने गाणं येतंय तो, घाईत, आणि बरेचदा सगळीकडे स्वतःचंच नाव टाकून मोकळा होतो. वाईट हेतू असतोच असं नाही हो, पण नुकसान व्हायचं ते होतंच.

प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडचं 1967 चं प्रचंड गाजलेलं गाणं घ्या, अ व्हायटर शेड ऑफ पेल. त्याची ऑर्गनवरची सुरावट ऐकली की गाणं लगेच ओळखू येतं, पण ती रचणाऱ्या मॅथ्यू फिशरचं नाव लेखकांत नव्हतंच. 2006 मध्ये कोर्टाने त्याला संगीताच्या कॉपीराइटमध्ये 40 टक्के वाटा दिला, 2008 मध्ये अपिलात तो वाटा गेला, 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, परत दिला, आणि तरी दावा लावायच्या आधीच्या सगळ्या वर्षांची रॉयल्टी त्याला मिळाली नाही ती नाहीच. गाणं झालं त्याच दिवशी एका कागदावर चार ओळी लिहून सह्या केल्या असत्या तर हे काहीच झालं नसतं. याला स्प्लिट शीट म्हणतात, गाण्याचं नाव, लिहिणाऱ्यांची नावं, प्रत्येकाचा टक्का, बेरीज शंभर, खाली सह्या. नवीन मुलांना हे मागायला लाज वाटते, मैत्रीत कागद कशाला म्हणतात, पण मैत्री तुटते ती कागद नसल्यामुळे, हे मी जवळून बघितलंय. अमेरिकेतल्या नॅशव्हिल या संगीतासाठी प्रसिद्ध शहरात तर जेवढे जण खोलीत बसून लिहितात तेवढे समान वाटे करायची जुनी रीत आहे. मला ती पटते, कारण टक्क्यांचा हिशोब डोक्यात ठेवून बसलं की माणूस चांगली ओळ सुचली तरी जपून ठेवतो. ज्यांना नाही पटत त्यांनी वेगळे वाटे करावेत, फक्त त्याच दिवशी लिहून ठेवावेत.

तुमच्याकडून एवढंच हवंय. गाण्याचा रिव्ह्यू आला की खाली एका ओळीत शब्द, संगीत, प्रोड्युसर यांची नावं द्या, पुस्तक परीक्षणाखाली प्रकाशकाचं नाव देता तशीच. मुलाखत घेताना "हे गाणं कसं सुचलं" यासोबत "कोणाबरोबर केलं" हेही विचारा. आणि गायकाने स्वतःहून पाठवलेली माहिती छापण्याआधी ॲपवरचे क्रेडिट्स एकदा उघडून बघा, तिथे फक्त एकच नाव दिसलं तरी त्याला विचारा की बाकी कोण होतं, कारण पेपरवाले विचारतात हे कळलं की पुढच्या वेळी अपलोड करताना तो फॉर्म जरा नीट भरेल.

आपली नियमित वाचक,
एक गीतकार