वड्यांची पोटली

इतवारी, नागपूर

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबतची पोटली मिळाली ना? मूगवड्या आहेत. आईच्या हातच्या. ती वैशाखात गेली, वड्या चैत्रातल्या. तेरवीला तू येऊन गेलास, पण त्या गर्दीत आपलं धड बोलणंच झालं नाही.

तेरवीत जो तो म्हणत होता, माउली कधी कुणावर रागावली नाही. मला तशातही हसू येत होतं. अरे, चिमटा फेकून मारायची ती! नेम तेवढा मुद्दाम चुकवायची. आम्ही सात भावंडं, त्यात परीक्षा आली की मुक्कामाला तू. एवढ्या पोट्ट्यांना नुसत्या मायेनं कोण सांभाळेल? रात्री दाराची कडी लावताना ती चपलांचे जोड मोजायची. तुझा जोड नसला की मला विचारायची, "काहून रे, भांडून आला का त्याच्याशी?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो मारबतीचा दिवस आठवतो? आपल्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसायची. खाली मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत"चा गजर, अन् बाबा दर वर्षी पाहुण्यांना तेच सांगायचे, काळी मारबत १८८१ सालची, पिवळी १८८५ची. आतून आईचा आवाज यायचा, "अन् भजे आत्ताचे आहेत, गरम आहेत तोवर घ्या." बाबा गप्प. पण सगळ्यात आधी ताटलीकडे हात त्यांचाच जायचा.

वड्यांचं सांगायचं राहिलं. रात्री मूग भिजत घालायचे, पहाटे वाटायचे, त्यात सांबार (तुमच्याकडची कोथिंबीर), मिरची, लसूण. उन्हं तापायच्या आत गच्चीवर जुन्या धोतरावर वड्या तोडायच्या. पहिल्या वडीला हळदकुंकू. पंचाहत्तरी उलटली तरी हे काम तिनं सुनांवर सोपवलं नाही. वाळल्या की जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत सात पोटल्या बांधायची. कोणता काठ कोणाचा, हे फक्त तिलाच ठाऊक. आता कोठीत बघतो तर पोटल्या आठ! निळ्या काठाची कोणाची, यावरून बहिणींची चर्चा सुरू झाली. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पुण्यातल्याची. त्याच्यात लसूण कमी आहे." स्वतःचं बनियन कोणत्या खणात असतं हे माहीत नसलेला माणूस हा!

एक गोष्ट मला खुपते. फुटाळा तलावावर बसून भुट्टा खायची तिला भारी हौस होती. पण स्कूटरवर आधी लेकरं चढायची, अन् ती दारातूनच हात हलवायची. धाकटीचं लग्न झाल्यावर एकदा बाबा तिला एकटीला घेऊन गेले. तासाभरात परत! पिशवीत आम्हा सगळ्यांसाठी भुट्टे, थंड झालेले. "तिथं काही गोड लागेना," म्हणाली.

यंदा पारा ४५च्या पुढे गेला. रात्री कूलरच्या टाकीत पाणी टाकायला तीच उठायची, आम्हाला कधी कळायचंही नाही. आता दोनच्या सुमाराला बाबा उठतात. भरलेली बादली उचलत नाही, म्हणून अर्धी अर्धी नेतात. मी उठलो की खेकसतात, "झोप बे तू, मी करून राहिलो ना."

बरं, वड्या आधी भिजवू नकोस. थोड्या तेलात लाल होऊ दे, मग कांद्याच्या रश्श्यात टाक. वांगं घालू नकोस, तुला सोसत नाही. आणि बाबांना एकदा फोन कर. नऊच्या आत कर, नंतर ते उचलत नाहीत. वड्या कशा झाल्या ते त्यांनाच सांग. परवापासून दोनदा विचारून झालंय, पोटली पोचली का म्हणून.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
इतवारीवाला