नोबेलचे रसायन बळ्ळारी नाल्यापर्यंत यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले. आपल्याकडे ती बातमी दोन दिवसांत विरली. खरे तर शहराचे सांडपाणी वाहणारा बळ्ळारी नाला आणि धाग्याचे रंगकाम, दोन्ही आपल्याकडे आहेत; म्हणून हा विषय बेळगावकरांनी उचलून धरावा असा आहे.

धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांची सांगड घालून आतून सच्छिद्र असे स्फटिक बनवायचे, हे ते काम. त्यांना 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क', थोडक्यात 'मॉफ' म्हणतात. छिद्रांचा आकार आधी ठरवता येतो, म्हणून मिश्रणातला हवा तो रेणू वेचून धरता येतो. काही मॉफच्या एका ग्रॅमात आतला पृष्ठभाग सात हजार चौरस मीटरपर्यंत भरतो. फिल्टरमधल्या सक्रिय कोळशाचा साधारण हजारभर.

सांडपाण्यातला रंग शोषून घेण्याचे प्रोजेक्ट आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही नवे नाहीत. पण मी पाहिलेल्या बहुतेक प्रोजेक्टांत डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालतात, रंग शोषणारी भुकटी टाकून ढवळतात, निळे पाणी नितळ झाले की आलेख काढून फाईल बंद. सुती धागा रंगवल्यावर उरणारे पाणी असे नसते. त्यात मीठ असते, सोडा असतो, आणि धाग्याला न चिकटलेला रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जोडणारा) रंग असतो. मिथिलीन ब्लू धनभारित, तर हे रंग ऋणभारित. पहिल्याला घट्ट धरणारी भुकटी दुसऱ्याला सरळ सोडून देऊ शकते! शिवाय पाण्यातले क्षार छिद्रांतल्या जागा अडवतात ते वेगळेच. म्हणून स्वच्छ पाण्यातल्या '९९ टक्के रंग गेला' अशा दाव्यांवर माझा विश्वास बसत नाही.

मॉफ म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही मुलांना सांगायला हवे. याघींचा १९९९ चा प्रसिद्ध मॉफ-५ हवेतल्या दमटपणानेसुद्धा मोडतो. पाण्यात टिकणारे प्रकार आहेत, झिर्कोनियमचा युआयओ-६६ त्यांपैकी एक. मात्र ते महाग पडतात, आणि भुकटीच्या गोळ्या वगैरे केल्याशिवाय वाहत्या पाण्यात नीट वापरता येत नाहीत. रंगाने भरलेली भुकटी धुऊन किती वेळा वापरता येते, आणि तिच्यातला धातू, म्हणजे काही मॉफमधले तांबे किंवा कोबाल्ट, पाण्यात उतरतो का, हे तपासायलाच हवे. बळ्ळारी नाल्याचे पाणी वडगाव-शहापूरच्या भातशिवारात शिरते. रंग गेला आणि धातू आला, तर शेतकऱ्याने काय कमावले?

या विषयावर पुण्याच्या आयसेरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) काम चालते, बेंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही चालते. आपण त्याच महामार्गावर, दोघांच्या मध्ये. एकीकडे मराठीतून बोलता येईल, दुसरीकडे आपल्याच राज्यातली संस्था म्हणून दार ठोठावता येईल. सीमाभागातल्या मुलांना हा दुहेरी फायदा कुणी करून देत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

माझी मागणी साधी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांतील रसायनशास्त्र विभागांनी यंदाच्या प्रोजेक्टांसाठी नमुना नाल्यातून आणि रंगकामाच्या हौदातून घ्यावा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. तुलनेला साधा सक्रिय कोळसाही ठेवावा. तोच सरस ठरला तर तसे स्पष्ट लिहावे. आणि आपण, संपादक महोदय, ते निष्कर्ष मराठीतून छापावेत, म्हणजे नाल्याकाठचे शेतकरी आणि विणकर ते वाचू शकतील.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वडगाव, बेळगाव