लायब्ररीतल्या त्या चौघांना

नाशिकला दहावी करून थेट न्यू जर्सीत अकरावीला बसले, आणि समोर अमेरिकेचा इतिहास! शिवरायांच्या सनावळ्या तोंडपाठ, पण लिंकनच्या आधीचं कोणी ठाऊक नाही. (वॉशिंग्टन सोडून. ते नोटेवर असतात.)

मे महिन्यातल्या एपी परीक्षेआधी (शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) दर शनिवारी तुम्ही चौघांनी मला आपल्या टेबलाशी बसवून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘लुईझियाना कधी घेतलं, कितीला?’ ‘१८०३, दीड कोटी डॉलर, फ्रान्सकडून!’ चुकलं की आपला वेफर समोरच्याला. १३, १४, १५ या घटनादुरुस्त्यांत मी इतके वेफर्स हरले, की शेवटी तुमच्यातल्या एकीने माझ्या तीन बोटांवर पेनाने लिहूनच दिलं: गुलामी बंद, नागरिकत्व, मत. (परीक्षेआधी हात धुतले हं.)

तेव्हाच मी सांगितलं, की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलंय. तुम्ही स्पेलिंग विचारून कार्डावर उतरवलंत आणि पुढच्या शनिवारी तोच प्रश्न मला टाकलात!

मराठी तुमच्यातल्या एकालाच वाचता येतं. त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावं. वेफर्स माझ्याकडून.