काका, यंदाची वही माझ्या हाती दिलीत त्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

या पत्रात तुमचे नाव घातलेले नाही, कारण ते घातले असते तर तुम्ही फोन करून आधी रागावला असता आणि मगच पत्र वाचले असते. गुढीपाडव्याला तुमच्या घरी माझ्या हातात श्रीखंडाची वाटी असताना तुम्ही आतल्या खोलीतून सामन्यांची नोंद ठेवायची निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही आणलीत, माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "हात थरथरतो, आकडा चौकटीत बसत नाही, यंदापासून तू लिही." मी तोंड उघडण्याआधीच तुम्ही चहा टाकायला उठलात. वहीपूजन आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला करतात. तुमच्याकडे ते गुढीपाडव्याला झाले, एवढाच फरक. त्या दिवशी जे बोलायचे राहून गेले ते, २६ मार्चला आपल्या सिॲटल मरिनर्स या बेसबॉल संघाचा क्लीव्हलंडविरुद्ध हंगामातला पहिला सामना सुरू होण्याच्या आत, सगळ्यांसमोर लिहून टाकतो.

या वहीच्या आधीच्या वह्यांचा गठ्ठा मी पाहिलेला आहे. पहिल्या वहीचे पहिले पान ६ एप्रिल १९७७ चे: मरिनर्सचा इतिहासातला पहिला सामना, स्थळ किंगडोम हे तेव्हाचे मैदान, समोर कॅलिफोर्निया एंजल्स, निकाल ०-७. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, रकान्यात दिएगो सेगी यांचे नाव आहे आणि आपल्या संघाच्या ओळीत नऊ शून्ये, एकापुढे एक, देवनागरीत. त्या वर्षी संघ ९८ सामने हरला. विमानाच्या कारखान्यात लागून जेमतेम तीन वर्षे झालेला, क्रिकेटवर वाढलेला सोलापूरचा एक तरुण अशा संघाच्या हरण्याची इतकी नेटकी नोंद का ठेवत बसला, हे मी तुम्हाला अनेकदा विचारले आहे आणि तुम्ही दर वेळी वेगळे उत्तर दिले आहे. यंदा मरिनर्सचा पन्नासावा हंगाम आहे, आणि नेमका तो हंगाम लिहिण्याचा मान तुम्ही मला दिलात, ही गोष्ट तुमच्या लक्षात नसेल असे मला वाटत नाही.

मी २०११ च्या जानेवारीत इथे आलो तेव्हा दुपारी चारला अंधार पडायचा आणि संध्याकाळचे काय करायचे हे मला कळत नसे. मंडळाच्या संक्रांतीला तुम्ही तिळगूळ दिलात आणि गोड बोलण्याऐवजी विचारलेत, "एप्रिलमध्ये शनिवारी मोकळा आहेस का?" त्या शनिवारी, तेव्हा सेफको फील्ड म्हणत त्या मैदानावर, वरच्या मजल्यावरच्या थंड खुर्चीत बसून, बॅटला लागून थेट मागे गेलेल्या चेंडूवर मी मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या, कारण माझ्या डोळ्यांना तो सरळसरळ लेट कट दिसला होता. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. तुम्ही हसला नाहीत. "इथे तो फाउल," एवढेच म्हणालात, आणि ब्लेडने टोक काढलेली पेन्सिल माझ्या हातात देऊन पुढची इनिंग मलाच लिहायला लावलीत. मग कळले की मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, बॅटरमागे चेंडू झेलणारा कॅचर २, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. की शॉर्टस्टॉपने अडवलेला चेंडू दुसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर गेला आणि दोन गडी बाद झाले तर चौकटीत ६-४-३ लिहायचे. की बॅट फिरवून तिसरा स्ट्राइक, म्हणजे तिसरा वाया घालवलेला चेंडू, गेला आणि गडी बाद झाला तर 'क', आणि नुसते बघत उभे राहून गेला तर उलटा 'क'. इंग्रजी अक्षर उलटे काढणे सोपे असते. देवनागरी 'क' उलटा काढणे किती अवघड आहे हे तुमच्या त्या पद्धतीने शिकलेल्यालाच ठाऊक.

त्या वर्षी संघ ९५ सामने हरला. तुम्ही मला नेमक्या अशा काळात खेळ दाखवलात जेव्हा निकालासाठी पाहण्यासारखे काहीच नव्हते, आणि त्यामुळेच मी बाकीचे पाहायला शिकलो: चेंडू पडण्याआधी आपल्या क्षेत्ररक्षक इचिरोचे पहिले पाऊल कुठे पडते, कॅचर मांडीआडून बोटांची खूण कशी देतो, मैदानालगतच्या रुळांवरून मालगाडी भोंगा देत गेली की पिचर क्षणभर कसा थांबतो. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला, बुधवारी भर दुपारी, आपल्या पिचर फेलिक्स हर्नांडेझने टँपा बेच्या सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर्सना पहिल्या बेसपर्यंतही पोचू दिले नाही तेव्हा मी कामावर होतो आणि तुम्ही मैदानात. ते पान तुम्ही मला नंतर दाखवलेत. पाहुण्या संघाच्या सत्तावीस चौकटी, आणि एकाही चौकटीत पहिल्या बेसकडे जाणारी रेघ नाही. छापील कोरी वहीसुद्धा इतकी स्वच्छ नसते.

आता गेल्या हंगामाबद्दल, कारण त्यावरून आपला वाद अजून मिटलेला नाही आणि आभाराच्या पत्रातही मी माघार घेणार नाही. २०२५ मध्ये संघाने ९० सामने जिंकले आणि २००१ नंतर प्रथमच आपल्या विभागात पहिला क्रमांक मिळवला. १० ऑक्टोबरला बाद फेरीतला डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा, निर्णायक सामना नऊऐवजी पंधरा इनिंग चालला, जवळजवळ पाच तास. तुमच्या दिवाणखान्यात वहीच्या चौकटी बाराव्या इनिंगलाच संपल्या, तेव्हा तुम्ही काकूंची किराणा यादीची चिठ्ठी उलटी करून पानाला टाचणीने जोडलीत. होर्हे पोलांकोच्या फटक्यावर क्रॉफर्डने विजयाची धाव पूर्ण केली ती नोंद त्या चिठ्ठीवर आहे, आणि पलीकडच्या बाजूला तूरडाळ दोन पौंड. दहा दिवसांनी टोरांटोत पुढच्या मालिकेच्या सातव्या, शेवटच्या सामन्यात आपण ३-१ असे पुढे होतो. सातव्या इनिंगमध्ये त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन, म्हणजे कुंपणापलीकडचा फटका, मारला, आणि आपण ४-३ असे हरलो. तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, कधीच न खेळलेला संघ एकच, आणि तो आजही आपलाच आहे.

त्या इनिंगला आंद्रेस मुन्योझला आणायला हवे होते, असे माझे तेव्हाही म्हणणे होते आणि आजही आहे. सर्वोत्तम गोलंदाज नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायचा आणि ती इनिंग त्याला मिळूच नये, हा हिशोब मला पटत नाही. तुम्ही व्यवस्थापक डॅन विल्सनची बाजू घेता, म्हणता की स्प्रिंगरला चेंडू टाकणाऱ्या बझार्डोने ऑक्टोबरभर तसली संकटे निस्तरली होती आणि व्यवस्थापकाने स्वतःच्या माणसावर विश्वास टाकणे हा गुन्हा नव्हे. काका, १९९५ च्या संघाचा कॅचर होता म्हणून तुम्ही विल्सनला जरा जास्तच माया लावता, हे आज लिहूनच ठेवतो.

पण हा वाद मी करू शकतो, मत बनवून ते दोन कारणांनिशी मांडू शकतो, हीच मुळात तुमची देणगी आहे. म्हणून नव्या हंगामाबद्दलचे माझे मत तुमच्यापुढे रीतसर ठेवतो. तुम्ही दर मार्चमध्ये म्हणता तसे "बघू या" मी या वर्षी म्हणणार नाही. मला हा संघ चांगला वाटतो, आणि तो पिचिंगमुळे वाटतो. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्रायन वू, लुईस कास्तियो, ब्राइस मिलर: हे पाचही जण धडधाकट राहिले तर याहून भरवशाची रांग फार थोड्या संघांकडे असेल. गिल्बर्टने २०२४ मध्ये दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक, २०८ इनिंग आणि वर दोन गडी इतकी गोलंदाजी टाकली. कर्बीने २०२३ च्या संबंध हंगामात फक्त १९ बॅटर्सना फुकट पहिला बेस दिला. वूने गेल्या वर्षी पहिल्या पंचवीसही सामन्यांत किमान सहा इनिंग टाकल्या आणि मग सप्टेंबरमध्ये छातीचा स्नायू दुखावून घेतला. 'धडधाकट राहिले तर' या तीन शब्दांवर तुम्ही बोट ठेवाल हे मला ठाऊक आहे. ठेवा.

फलंदाजीबद्दल माझी खात्री तितकी नाही. आपले मैदान फटकेबाजांचे नाही. एप्रिल-मेच्या गार, दमट हवेत जो चेंडू दुसरीकडे प्रेक्षकांत गेला असता तो इथे कुंपणापाशी हातमोज्यात येऊन पडतो, आणि खूलिओ रॉड्रिगेझची बॅट उन्हाळा लागल्याशिवाय तापत नाही हे आपण दर वर्षी पाहतो. कॅल रॅलीने गेल्या वर्षी ६० होम रन मारले, आजवरच्या कुठल्याही कॅचरहून जास्त, दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्या कुठल्याही बॅटरहून जास्त. १५९ सामने खेळून, त्यातले बहुतेक उकिडवे बसून. यंदा त्याच्याकडून पुन्हा साठ मागणे म्हणजे भरल्या ताटावरून उठून पुन्हा पंगतीत बसण्यासारखे आहे. चाळीस मारले तरी मी वहीत समाधानाने लिहीन. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलरना ठेवून घेतले हे उत्तम झाले. पळण्यात इतका संथ माणूस गेल्या वर्षी तीस बेस चोरतो, म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळतो, याला पायांपेक्षा डोके लागते. पोलांकोला न्यूयॉर्क मेट्सकडे जाऊ दिले हे मात्र मला अजून खटकते. त्याने २६ होम रन मारले होते, आणि ती चिठ्ठी त्याच्या नावाची आहे. सेंट लुईसहून आलेला ब्रेंडन डोनोव्हन सहजासहजी स्ट्राइक आउट होत नाही, म्हणून तुम्ही त्याच्यावर खूश आहात. आपल्या संघात उलटे-सुलटे 'क' इतके असतात की त्याच्या येण्याने माझ्या मनगटाचे तरी भले होईल.

यंदाच्या एका बदलावर मात्र तुमचे मत मला मुळीच मान्य नाही. यंदापासून चेंडू ठरलेल्या चौकटीत होता (स्ट्राइक) की बाहेर (बॉल) या पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येणार आहे: प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरले तर संधी शाबूत, आणि मागणी फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनी, तीही लगेच, डोक्यावर हात ठोकून करायची. डगआउटमधून कुणी खूण करायची नाही. आपल्या डीआरएसमागे असते तेच हॉक-आय इथेही. तुम्ही म्हणता, चेंडू झेलताना हातमोजा अलगद आत आणून काठावरचा चेंडू स्ट्राइक भासवण्याची कॅचरची कला आता मरेल. मला वाटते, ती कला जितकी उरते तितकी रॅलीसारख्याच्या हातात अधिकच मोलाची होईल, कारण दोनच संधी असताना कुठल्या चेंडूवर डोक्याला हात लावायचा हे ठरवण्यासाठी स्ट्राइक झोनची, म्हणजे त्या चौकटीची, सर्वांत चांगली जाण कॅचरलाच असते. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाने मान हलवल्याशिवाय शहाणा कर्णधार 'टी' दाखवत नाही; तसेच. आता प्रश्न एवढाच की वहीत याची नोंद कशी करायची. आव्हान बरोबर ठरले तर 'क' ला वर टोपी काढावी असे माझ्या मनात आहे, पण वही तुमची आहे, तेव्हा तुमची परवानगी लागेल.

आभार कशाचे मानायचे याची यादी केली तर वह्यांचे, पेन्सिलींचे, चौदा हंगाम तुम्ही स्वतःच्या खिशातून काढलेल्या तिकिटांचे, ज्यांचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत, आणि २०२२ च्या ३० सप्टेंबरला रॅलीने ओकलंडविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये चेंडू बाहेर फेकून बाद फेरी न गाठल्याचा एकवीस वर्षांचा दुष्काळ संपवला त्या रात्री फोनवर तुम्ही काही न बोलता नुसते धरून ठेवलेल्या त्या मिनिटाचेही. त्याहून जास्त या गोष्टीचे, की माझ्या हातून चुकीचे ६-४-३ लिहिले जाते तेव्हा तुम्ही रबर पुढे सरकवता आणि मैदानाकडे बघत राहता.

तर गुरुवारी संध्याकाळी. किंगडोम सुरुंग लावून पाडला त्याला त्याच दिवशी सव्वीस वर्षे पूर्ण होतात. येताना तुम्ही ती गोष्ट सांगालच, मीही पुन्हा ऐकेन. लाइट रेलच्या स्टेडियम स्थानकावर मी साडेपाचला उभा राहतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी आणतो, कारण मैदानावर भाजलेले नाकतोडे विकतात तिकडे काकू तुम्हाला एकट्याला सोडायला तयार नाहीत. पांघरूण तुमचे. पहिल्या पानावर तारीख आणि दोन्ही संघांची नावे घालून ठेवली आहेत, फक्त पिचरचा रकाना मोकळा आहे. ते एक नाव तुम्ही लिहा, हात थरथरला तरी चालेल, चौकट मी दोन बोटे मोठी आखली आहे.

तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा,
तुमचाच