नवा नळ घेण्याआधी

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर मी बाथरूमच्या नळाचा विषय काढला की बाबा "हो, हो" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, तेही मोठ्या अक्षरात छापून.

बाबा, तुम्ही दुकानात जाऊन गरम-थंड पाण्याचा एका दांडीचा चकचकीत मिक्सर नळ बघून आलात, असं आई म्हणाली. घेऊ नका. आत्ताचा नळ तरी कुठे जुना आहे? प्लंबरने तो बसवून दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रड तीच, हे तुम्हीच सांगितलंत. सात ते साडेआठ धार बारीक, नळ खोकतो, मधेच हवा फुसफुसते, गरम पाणी तर आधी बंद पडतं. आणि दुपारी दोनला तोच नळ बादली भराभर भरतो. नळाला घड्याळ कळत नाही. वायसर खराब असता, जाळीत कचरा असता, तर दुपारीही धार बारीकच राहिली असती. वेळ बघून येणारा बिघाड नळाच्या मागे कुठेतरी असतो, आणि आपल्या नळाच्या मागे अख्खी बिल्डिंग आहे.

तुम्ही कारखान्यात होतात तेव्हा मागाचा नुसता आवाज ऐकून सांगायचात, धोटा अडकतोय की पट्टा सैल आहे. धागा तुटला म्हणून कधी माग बदलला नाहीत. इथेही तसंच करू, आधी ऐकू आणि बघू, पाना नंतर.

महापालिकेवरचा राग तूर्त बाजूला ठेवा. ११७ टीएमसीचं उजनी भरल्याची बातमी येते आणि आपल्या सोलापुरात पाणी तीन-चार दिवसांनी येतं, हे दुखणं खरंच आहे. पण या नळाचा त्याच्याशी संबंध नाही. पालिकेचं पाणी खालच्या हौदात पडतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत जातं, आणि आपल्या बाथरूमला येतं ते टाकीतून, नुसत्या उंचीच्या जोरावर. टाकी भरलेली असताना धार बारीक होत असेल, तर गडबड टाकी आणि नळ यांच्यामध्येच आहे.

उंचीचा हिशोब असा. पाणी 10 मीटर उंचीवरून आलं की साधारण एक बार दाब मिळतो. आपण सगळ्यात वरच्या मजल्यावर. जिन्यावरच्या खोलीच्या स्लॅबवर टाकी, ती आपल्या बाथरूमच्या नळापासून जेमतेम 4 मीटर वर. म्हणजे अर्धा बारही नाही. तळमजल्याला त्याच टाकीतून आपल्या तिपटीहून जास्त दाब मिळतो. लोकांना वाटतं टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. उलट आहे. म्हणूनच तो एका दांडीचा मिक्सर नको म्हणते. त्यातले बरेचसे जास्त दाबासाठी केलेले असतात, खोक्यावर किमान दाब छापलेला असतो तो वाचा. जुन्या पद्धतीचा, दोन बाजूंना दोन मुठी असलेला नळच आपल्याला बरा.

गिझर तर नळाच्याही वर, छताजवळ टांगलेला. त्याच्यापर्यंत पाणी पोचायला उरते ती उंची आणखी कमी. त्यामुळे दाब जरा घसरला की आधी गरम बाजू मरते. गिझर बिघडलाय म्हणून नाही.

आता माझा संशय. आई म्हणाली, हे दसऱ्याला टाकी धुतल्यापासून सुरू झालं. टाकी धुताना टाकीखालचा वॉल, म्हणजे पाणी अडवायची झडप, बंद करतात आणि नंतर उघडतात. आपल्या बिल्डिंगीत अजून ते पितळी, चाकाचे गेट वॉल आहेत, वर्षातून एकदा कधीतरी फिरवले जाणारे. आत क्षार आणि गंज धरलेला असतो. जोर लावून फिरवला की कधी कधी आतला पडदा दांड्यापासून सुटतो. मग चाक फिरतं, फिरवणाऱ्याला वाटतं वॉल उघडला, आणि पडदा मात्र अर्ध्यावर लोंबकळत राहतो. पाणी येतं, पण चिंचोळ्या वाटेने.

दुपारी कोणी वापरत नसतं, तेव्हा ती वाट आपल्या एकट्याला पुरते. सकाळी खालच्या तिन्ही मजल्यांवर अंघोळी, मशीन, फ्लश एकदम सुरू झाले की वरून येईल तितकं पाणी उताराने खालीच धावतं. आपल्या फाट्यापाशी पाइप भरून वाहतच नाही. इतकंच नाही, खाली जाणारं पाणी आपल्या उघड्या नळातून हवा आत ओढतं. तोच तुमचा नळाचा खोकला. ती हवा गिझरच्या पाइपात जाऊन बसली की गरम पाणी पुढचा तासभर धड येत नाही.

खालच्या अक्कांना विचारलंत तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर बरं येतंय की." येणारच. त्यांच्याकडे दाब इतका आहे की अर्धा वॉल बंद असला तरी त्यांना कळणार नाही. त्या म्हणतात म्हणून लाइन ठीक, असं धरू नका.

हा झाला माझा अंदाज, इथे पुण्यात बसून केलेला. तो खरा की खोटा हे तुम्ही दोघं एका दिवसात ठरवू शकता, काहीही न खोलता. सकाळी साडेसातला बाथरूमचा थंड नळ पूर्ण उघडा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघून लिहा. लगेच बेसिनचा नळ उघडून बघा, तो याच लाइनीवर आहे. मग स्वयंपाकघरातला बघा, त्याची लाइन वेगळी आहे. दुपारी दोनला तीच बादली, तोच नळ. सकाळी बाथरूम आणि बेसिन दोन्ही बारीक आणि स्वयंपाकघर ठीक, असं निघालं तर वॉल किंवा त्याखालचा पाइप. बेसिन जोरात आणि बाथरूम एकटं बारीक असेल तर माझं चुकलं, मग नळामागची बाजू बघू. थंड व्यवस्थित आणि गरम दिवसभर बारीक असेल तर गिझरकडे जाणारा अँगल कॉक आणि त्याच्याजवळचा एकाच दिशेने पाणी सोडणारा वॉल तपासायचा. आपलं पाणी जड, आणि तापलं की क्षार आणखी लवकर बसतो.

बाबा, मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिते. टाकीवर तुम्ही चढायचं नाही. ती लोखंडी शिडी मी पाहिली आहे. प्लंबर चढेल, तुम्ही खाली गच्चीवर उभे राहून सांगा. त्याला इतकंच बघायला सांगा: आपल्या लाइनीचा वॉल पूर्ण बंद केल्यावर बाथरूमचं पाणी खरंच थांबतं का, आणि चाक उघडताना शेवटाला जाऊन अडतं की नुसतंच फिरत राहतं. नुसतंच फिरत असेल तर पडदा सुटलाय. त्याजागी बॉल वॉल बसवायला सांगा, दांडी पाइपाच्या रेषेत असली म्हणजे उघडा, आडवी असली म्हणजे बंद, पुढच्या दसऱ्याला कोणालाही कळेल. आणि वॉलच्या पुढे टाकीपेक्षा उंच गेलेला एक उघडा पाइप असायला हवा, हवेसाठी. तो तुटलाय का, कोणी बूच मारलंय का, तेही बघू दे.

हा खर्च आपला एकट्याचा नाही. सामाईक लाइनीचा वॉल सोसायटीचा. तुम्हाला सेक्रेटरी काकांकडे काही मागायला नको वाटतं, माहीत आहे. मागू नका, बादलीच्या वेळा लिहिलेला कागद द्या. सकाळचा आकडा, दुपारचा आकडा, खाली सही. तक्रारीला लोक उत्तर देतात, आकड्यांपुढे जरा गप्प बसतात.

तोवर दोन गोष्टी. गिझरचं बटण लावण्याआधी गरम बाजूची मूठ उघडून अखंड धार येते ना ते बघा. हवा फुसफुसत असेल तर बटण लावू नका. पाणी उलटं उतरून गिझर अर्धा रिकामा झाला असेल तर आतली कॉइल कोरडी तापते आणि जळते. धार दुपारी चांगली असते, तेव्हा गरम मूठ पूर्ण उघडून खोकला थांबेपर्यंत वाहू द्या, अडकलेली हवा निघून जाईल. ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरा.

दुसरं, तो नळ बंद केल्यावर टपकतो, तो मात्र त्याचा स्वतःचा दोष. त्याला आतला वायसर नाहीतर स्पिंडल बदलायचं, अख्खा नळ नाही. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी जातं. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे परवडत नाही. तोंडाची जाळी हाताने निघाली तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. ॲसिड नको, चकाकी उडते.

आई, तू सकाळी स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत बादल्या नेतेस हे बाबांनी नाही, अक्कांनी सांगितलं मला. गुडघ्याचं काय ते डॉक्टर बघतील, पण बादली बंद. अंघोळ दुपारी करा दोघंही, काही बिघडत नाही. देवपूजा थोडी उशिरा झाली तर सिद्धरामेश्वर रागावणार नाहीत. एप्रिलपर्यंत हे निस्तरलं नाही तरी गरम पाण्याची चिंता तेवढी मिटेल, सोलापूरच्या उन्हात टाकीतलंच अंगावर घेववत नाही.

शेंगाचटणी मिळाली. डबा परत पाठवते, यावेळी लसूण जास्त.

तुमची,
बेबी

ता. क. आई, फक्त तुझ्यासाठी. बाबांचा मोठा पाइप पाना माळ्यावर ट्रंकेमागे आहे, मागच्या वेळी मीच तिथे ठेवला. त्यांनी विचारलं तर तुला माहीत नाही. प्लंबर आला की त्याला दे.