वनरक्षकाचे वेतन पोलिसापेक्षा वेगळे का?

महोदय,

पोलिसांच्या वेतनाची चर्चा निघाली की वन आणि वन्यजीव संरक्षणातले कर्मचारी कुणाला आठवतही नाहीत. शिकारी टोळीही अनेकदा सशस्त्रच असते. फरक इतकाच, की जंगलात मदतीची गाडी लवकर पोहोचत नाही आणि मोबाइलला रेंज नसते. तरीही पदनाम वेगळे म्हणून वेतनश्रेणी वेगळी! (शौर्यपदके मिळतात म्हणावे, तर पदकावर वाणसामान येत नाही.)

पोलिसांना संघटनेचा हक्क कितपत द्यायचा, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४८ च्या ८७ व्या कराराने त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे. अनेक देशांत त्यांना संप करता येत नाही. मग त्यांचे वेतन केवळ सरकारच्या मर्जीवर ठेवणे हा एकतर्फी सौदा झाला. त्यासाठी स्वतंत्र लवाद हवा आणि ठरावीक मुदतीने फेरआढावाही.

मूळ वेतन दोन्ही दलांना हुद्दा व सेवेची वर्षे पाहून एकाच तक्त्याने द्यावे. दुर्गम ठाणे, रात्रपाळी, जादा तास यांचे भत्ते वेगळे. मात्र भत्ते फुगवून मूळ वेतन गोठवण्याची चलाखी नको. निवृत्तिवेतन बहुधा मूळ वेतनावरच ठरते.

– एक वाचक