ताई, हेवा मीही केला

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नाही. तुझी एक ओळ मला पुढे सरकूच देईना : "तू तिकडे सुखात आहेस हे ऐकलं की माझा जीव जळतो, आणि मग प्रार्थनेला बसलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही." ती लिहिताना तुला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण तीच ओळ तुला लिहायची मी तीन वर्षं टाळतोय.

आई आजारी होती तेव्हा तू तिच्या उशाशी होतीस. मी इथून पैसे पाठवत होतो, डॉक्टरांशी फोनवर बोलत होतो. पण आई दर वेळी म्हणायची, "ताई होती म्हणून निभावलं." मी "हो ना" म्हणायचो आणि फोन ठेवला की हिशेब मांडत बसायचो, कोणी काय केलं आणि नाव कोणाचं झालं. पुढे ती बरी झाली, चर्चच्या मंडळीत उपकारस्तुती झाली, त्यात तुझं नाव घेतलं गेलं, माझं राहिलं. तेवढ्यावरून मला रात्रभर झोप नाही. आई वाचली होती गं, आणि मी आढ्याकडे बघत माझ्या राहिलेल्या नावाचा विचार करत होतो.

बायबलच्या लूक 15 मधला दोन भावांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतोय. दूर देशी गेलेला धाकटा परत येतो, बाप त्याला जवळ करतो आणि घरी राहिलेला थोरला जळतो. आपल्याकडे दोघंही जळत होतो, एक घरात नि एक दूर देशात! त्या थोरल्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला हल्लीच दिसली. तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, बापाला 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. आणि बाप उत्तर देताना 'हा तुझा भाऊ' असं म्हणून ते नातं परत त्याच्या पदरात घालतो. हे वाचलं आणि आठवलं की त्या दिवसांत आईशी बोलताना मी तुला ताई म्हणत नव्हतो. 'तुझी लाडकी लेक काय म्हणते?' असं विचारायचो. आई हसायची. तिला ती चेष्टा वाटायची.

आपल्या सभांमध्ये दारू सुटल्याच्या साक्षी किती ऐकल्या आपण. हेवा सुटल्याची एक तरी आठवते? गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात देहाची कर्मे, म्हणजे माणसाची पापं, मोजताना प्रेषित पौलाने हेवा आणि दारूबाजी शेजारी शेजारी बसवली आहेत. पण दारूचा वास येतो, हेव्याचा येत नाही. त्यामुळे तो उपासनेत पहिल्या रांगेत बसून गीतं म्हणू शकतो. मी म्हणत होतो.

सुटका कशी झाली विचारशील, तर पूर्ण झाली असं म्हणवत नाही. आधी मी मनाला दटावून पाहिलं. मग उपकार मोजायला लागलो, नोकरी, तब्येत, डोक्यावर छप्पर. तेही फसलं, कारण मोजताना एक डोळा तुझ्या ताटावरच असायचा. बायबलमधल्या शौल राजाचं तेच झालं. बायकांनी विजयाच्या गाण्यात त्याला हजार शत्रू मारल्याचा मान दिला होता, काही कमी नव्हतं. पण त्याच्याच पदरच्या तरुण दाविदाला दहा हजार दिलेले ऐकले आणि स्वतःचे हजार त्याला दिसेनासे झाले.

ही गोष्ट 1 शमुवेल 18 मधली, आणि तिथेच शौलाचा मुलगा योनाथान आहे. खरं तर जळायचा पहिला हक्क त्याचा, दाविदामुळे गादी त्याचीच जायची होती. त्याने अंगावरचा झगा काढून दाविदाला दिला, तलवार, धनुष्य, कमरबंदही दिला. ते वाचताना वाटलं, आधी मन साफ होईल आणि मग हात पुढे येईल, अशी वाट बघत बसलो तर जन्म जाईल. म्हणून एका रविवारी फोन केला आणि आईला म्हटलं, "आई, ताईने तुझं फार केलं. मला तिथे असून जमलं नसतं." एवढंच वाक्य, पण घशातून निघेना. म्हटल्यावर काही हलकं वगैरे वाटलं नाही. उलट काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या आठवड्यात तुझ्यासाठी प्रार्थना करताना 'ताईचं भलं कर' एवढ्यावर न थांबता, तुझी पाठ, तुझी झोप, तुझं आईजवळ बसणं असं एकेक मागता आलं.

अजून उसळतं. गेल्या महिन्यात आईने तुझं कौतुक केलं आणि माझं तोंड पडलं. तेव्हा योहान 21 आठवतो. येशूचा शिष्य पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवतो, ह्याचं काय म्हणून. प्रभू म्हणतो, "त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये." आणि हे तो कोणाला सांगतो बघ, ज्याला नुकतंच तीनदा 'माझी मेंढरे' सांभाळायला सांगितलं त्याला! एवढं मिळूनही माणूस मागे वळून बघतोच. मला त्याचा फार आधार वाटतो.

तू लिहिलंस की प्रार्थनेत शब्द फुटत नाही. मग स्तोत्रकर्त्या आसाफाचे शब्द घे. स्तोत्र 73 काढ आणि मोठ्याने वाच. पाय घसरायच्या बेतात होते, मी हेवा केला, हे त्याने देवालाच सांगितलंय. पुढे तर तो स्वतःला देवासमोर पशू म्हणतो, आणि लगेच म्हणतो, तू माझा उजवा हात धरला आहेस. इतकं उघडं बोललेलं चालतं, ताई.

माझ्या सुखाचंही खरं ते सांगतो. इथे आजारी पडलो की पाणी द्यायला कोणी नसतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही (थोडं वाटलं तर वाटू दे), पण फोनवर मी फक्त चांगलंच सांगत आलो, ती माझी चूक.

पुढच्या पत्रात 'सगळं ठीक' असं लिहू नकोस. तुझ्यासाठी नेमकं काय मागू ते लिही. आणि हे पत्र आईला वाचून दाखव, 'लाडकी लेक'वालं सुद्धा.

तुझा धाकटा भाऊ